विरळ दाढीवर केसरोपण: ठरवण्यापासून पहिल्या हजामतीपर्यंत

माझ्या उजव्या गालावर, कल्ल्याच्या खाली दोन बोटांवर एक रिकामी जागा होती. डाव्या गालावरही होती, पण जरा लांबट. मिशी आणि हनुवटी यांना जोडणारा पूल तर कधी बांधलाच गेला नव्हता. सलूनवाला मशीन फिरवता फिरवता दर वेळी तिथे येऊन थबकायचा आणि विचारायचा, "दादा, इथं काय करायचं?" पंचविशीत हा प्रश्न हसून सोडून देता येतो. एकतिसाव्या वर्षी मी दाढीत केसरोपण करून घेतलं. त्याला आता दीड वर्ष होत आलं.

तेव्हापासून मित्र, मित्रांचे भाऊ, ऑफिसात नव्याने लागलेली पोरं असे सगळे फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला: "किती ग्राफ्ट लागतील?" (ग्राफ्ट म्हणजे डोक्याच्या मागून मुळासकट काढून गालावर बसवायचा केसांचा बारीक पुंजका.) दुसरा: "खर्च किती?" माझ्या मते हे तिसऱ्या-चौथ्या नंबरचे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न असा, की केस कुठल्या कोनात लावणार आणि ते रोवायला कातडीत पाडायची चीर कोणाच्या हाताने पडणार. का, ते पुढे कळेल. आधी सुरुवातीपासून जाऊ.

रिकामी जागा कशामुळे आहे, ते आधी बघा

दाढी विरळ असण्याची कारणं एकसारखी नसतात, आणि उपाय कारणावर ठरतो. बहुतेकांची दाढी जन्मजातच तशी असते. वडील, काका, मामा यांचे जुने फोटो काढून बघितले की उत्तर मिळतं. माझ्या घरात एकाही पुरुषाचा गाल कधी भरलेला नव्हता, त्यामुळे मला फार शोधावं लागलं नाही.

पण दाढी पूर्वी नीट येत होती आणि अचानक एखाद्या जागी गोल, गुळगुळीत चट्टा पडला, तर ती चाई असू शकते. यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. चाई चालू असताना तिथे केस लावले तर तेही गळून जाऊ शकतात. यावर वेगळे उपचार आहेत आणि ते त्वचारोगतज्ज्ञाकडेच घ्यायचे. आजार शांत होऊन बराच काळ गेल्याशिवाय कुठलाही शहाणा डॉक्टर रोपणाचं नाव काढणार नाही. खाज, लाली, खवले, पुटकुळ्या असं काही असेल तर बुरशीची शंका घ्या. मेडिकलमधून परस्पर आणलेलं गजकर्णाचं क्रीम चेहऱ्याला चोपडू नका. त्यातल्या अनेकांत स्टेरॉइड असतं. त्याने चार दिवस बरं वाटतं आणि नंतर दुखणं आणखी पसरतं.

तिसरा प्रकार व्रणांचा: भाजल्याचे, अपघातातल्या टाक्यांचे, मोठ्या मुरुमांचे. व्रणाच्या कातडीत रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून तिथे केस कमी धरतात. अशा वेळी आधी थोडे केस लावून बघतात, ते धरले की बाकीचे. ज्यांना जखम भरून येताना कातडी फुगून गाठ होते, म्हणजे कीलॉइडची सवय आहे, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगावी. छातीवर, खांद्यावर किंवा कान टोचल्याच्या जागी अशी गाठ आली असेल तरीही सांगावी.

वय आणि त्याआधीचे प्रयोग

विशीतल्या पोरांना माझं एकच सांगणं असतं: घाई करू नका. दाढी विशीत, कित्येकांची तर तिशीपर्यंत भरत राहते. बावीसच्या वयात रिकामा दिसणारा गाल सत्ताविसाव्या वर्षी आपोआप भरलेला मी माझ्याच चुलतभावात पाहिला आहे. म्हणून पंचविशीच्या आत बहुतेक चांगले डॉक्टर नाही म्हणतात. हो म्हणणारा भेटला तर त्याच्याकडे जरा संशयानेच बघा.

रोज वस्तरा फिरवला की दाढी दाट येते, हे आपल्याकडे आजोबांपासून चालत आलंय. ते खरं नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट होतं आणि हाताला खरबरीत लागतं, एवढंच. मुळांची संख्या वस्तऱ्याने बदलत नाही. बिअर्ड ऑइलने केस मऊ होतात, वास चांगला येतो, नवीन केस उगवत नाही. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या शरीरात कमतरता असेल तरच कामाच्या.

मिनॉक्सिडिलची गोष्ट वेगळी. हे मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा डोक्याच्या टकलासाठी लोशन म्हणून आलं. गालावर लावणं हा त्याचा मान्यताप्राप्त वापर नाही, पण त्वचारोगतज्ज्ञ अंदाज घेऊन देतात आणि काहींना बराच फरक पडतो. विशेषतः जिथे बारीक लव आहे तिथे. मी आठ महिने लावलं. मिशीच्या कडा सुधारल्या, गालावरची जागा होती तशीच राहिली, आणि कातडी एवढी कोरडी पडायची की ऑफिसात लोक विचारायचे, उन्हात फिरतोस का? छातीत धडधड व्हायला लागली किंवा पायावर सूज आली तर लगेच थांबवून डॉक्टरला दाखवायचं. आणि घरात मांजर असेल तर फार जपा. हे औषध मांजरांना विषासारखं आहे, लावलेल्या गालाला तिने चाटलं तरी.

मागच्या केसांचा हिशेब

केसरोपण म्हणजे काय, हे आईला फोनवर समजावताना मी म्हटलं, "भाताचा तरवा काढून लावणी करतात ना, तसंच." ती संगमेश्वरकडची, तिला एका वाक्यात कळलं. तिने विचारलं, "मग तरव्याच्या जागी काय उरतं?"

एवढा नेमका प्रश्न मला क्लिनिकांत भेटलेल्या एकाही समुपदेशकाने विचारला नव्हता. उत्तर असं: तिथे काही उरत नाही. डोक्याच्या मागच्या भागातून मुळासकट काढलेला केस तिथे पुन्हा येत नाही. आजूबाजूचे केस दाट असतात म्हणून ती जागा लपते. मागच्या पट्ट्यातले केस आयुष्यभरासाठी मोजकेच. आणि वडिलांना, आजोबांना टक्कल असेल तर चाळिशीत तुम्हालाही डोक्यासाठी हेच केस लागणार आहेत. गंमत बघा: ज्या संप्रेरकामुळे दाढी फुटते, त्याच संप्रेरकामुळे ज्यांचा पिंड तसा आहे त्यांचं डोकं उजाड होतं. दोन हजार ग्राफ्ट आज गालावर खर्च केले, तर ते खात्यातून कायमचे गेले. तेव्हा डॉक्टरला डोकंही दाखवा, फक्त गाल दाखवून उठू नका. काही वेळा जबड्याखालचे, गळ्यावरचे दाढीचेच केस वर आणता येतात. ते जातीने दाढीचेच असल्यामुळे जुळतात छान, पण थोडेच मिळतात.

लावलेला केस आपला मूळ स्वभाव सोडत नाही, हे न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये मांडलं, आणि सगळं केसरोपण आजही त्याच पायावर उभं आहे. दाढीच्या बाबतीत याचा अर्थ असा, की डोक्याचा केस गालावर आला तरी डोक्याच्या केसासारखाच वागतो. तो दाढीच्या केसापेक्षा बारीक आणि मऊ असतो आणि जास्त लांब वाढतो. डोक्यावर लवकर पिकणारे केस असतील तर गालावरही लवकर पिकतात.

ज्यांनी करू नये

रोज गुळगुळीत दाढी करायची सवय किंवा सक्ती असलेल्यांनी दहादा विचार करावा. लष्कर, पोलिस, काही विमान कंपन्या, मोठी हॉटेलं अशा ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतोय. रोपणाच्या जागी जवळून बघितलं तर बारीक ठिपके दिसू शकतात. खुंटाएवढी दाढी ठेवली की ते झाकले जातात, ब्लेड मारलं की उघडे पडतात. डोक्यावर झिरो मशीन मारणाऱ्यांच्या मागच्या भागातही तसेच पांढरे ठिपके दिसतात.

डॉक्टर शोधताना

मी पहिल्यांदा ज्या क्लिनिकमध्ये गेलो, तिथे पांढरा कोट घातलेल्या एका मुलाने चाळीस मिनिटं माझ्याशी गप्पा मारल्या, गालावर पेनाने रेघा ओढल्या, तीन हजार ग्राफ्टचा आकडा दिला आणि म्हणाला, "सर, आज बुकिंग केलंत तर वीस टक्के डिस्काउंट." डॉक्टर कधी भेटतील विचारलं तर उत्तर आलं, "प्रोसीजरच्या दिवशी." मी पाणी पिऊन बाहेर पडलो. शेवटी जिथे केलं तिथल्या डॉक्टर मॅडमनी सोळाशेचा आकडा दिला, आणि आधी सहा महिने मिनॉक्सिडिल लावल्याशिवाय तारीख देणार नाही म्हणाल्या. आठ महिने झालेत सांगितल्यावर कुठे फॉर्म पुढे आला.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केसरोपणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. हे काम प्लास्टिक सर्जन किंवा प्रशिक्षण घेतलेल्या त्वचारोगतज्ज्ञाचं आहे, आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकलेलं पुरेसं नाही, असा त्यांचा रोख आहे. असं लिहून सांगावं लागलं यावरूनच परिस्थिती ओळखा. २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा केसरोपणानंतर मृत्यू झाला. २०२५ मध्ये कानपूरचं प्रकरण देशभर गाजलं, तिथे दोन इंजिनिअर दगावले. दाढीचं काम डोक्यापेक्षा लहान असतं हे खरं, पण भूल तीच, औषधं तीच आणि जंतूही तेच.

म्हणून डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक घ्या आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासा. संकोच करू नका, सोनं घेताना हॉलमार्क बघतोच ना आपण. मग समोर बसून विचारा:

- चिरा तुम्ही स्वतः पाडणार का? केस काढणार कोण आणि बसवणार कोण?
- तुम्ही केलेल्या दाढ्यांचे, डोक्यांचे नव्हे, वर्षभरानंतरचे फोटो दाखवाल? शक्य तर एखाद्या पेशंटशी बोलू द्याल?
- भुलेची रिअॅक्शन आली तर इथे काय सोय आहे? ऑक्सिजन, मॉनिटर, जवळचं हॉस्पिटल कुठलं?
- त्या दिवशी आणखी किती पेशंट आहेत?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "तीन" आलं तर डॉक्टर तुमच्याकडे किती वेळ असतील, याचं गणित स्वतः करा. जाहिरातीतल्या नावांना फार भुलू नका. सॅफायर म्हणजे चीर पाडायचं पातं नीलमाचं, डीएचआय म्हणजे केस बसवायला पेनासारखं उपकरण. हत्यार कुठलंही असो, हात कोणाचा ते बघायचं. इस्तंबूलची पॅकेजेसही खूप चालतात, हॉटेल आणि विमानतळाच्या गाडीसकट. दुबईतला माझा एक मित्र तिथे करून आला आणि त्याचं झालंही चांगलं. पण चौथ्या महिन्यात गालावर पुळ्या आल्या तेव्हा तो मला फोटो पाठवत होता, कारण दाखवायला जवळ कोणी नव्हतं.

कोन

आता तो पहिला प्रश्न. आरशासमोर उभे राहा आणि स्वतःच्या गालावरचा एक खुंट बाजूने बघा. तो कातडीवर जवळपास झोपलेला दिसेल, जेमतेम दहा-पंधरा अंश वर. डोक्यावरचे केस त्या मानाने ताठ उभे असतात. गालावर केस डोक्यासारखा उभा लावला तर तो कायम उभाच राहतो आणि दाढी ब्रशसारखी दिसते, कितीही दाट असली तरी. शिवाय दिशा जागोजागी बदलते: कल्ल्यात खाली, जबड्याच्या कडेला वळून, हनुवटीखाली तिसरीकडेच, आणि प्रत्येकाचा भोवरा वेगळा. केस कुठल्या कोनात आणि दिशेला राहणार हे चीर पाडताना ठरतं. ती एकदा पडली की बसवणारा कितीही कुशल असो, त्याला तिच्याच दिशेने जावं लागतं. म्हणून चीर डॉक्टरच्या हातची हवी, हा माझा हट्ट.

दुसरी गोष्ट कडेची. डोक्यावरून काढलेल्या एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. दाढीच्या कडेला फक्त एकेरी केस लावायचे, दोन केसांचे आत. तीन-चार केसांचे ग्राफ्ट गालावर गेले तर झुपके दिसतात. आराखडा काढताना गालाची वरची रेघ फार वर नेऊ नका. इन्स्टावरच्या नटाची रेघ त्याच्या चेहऱ्याला शोभते. मॅडमनी माझी रेघ मी सांगितली त्यापेक्षा बोटभर खाली घेतली. मी कुरकुरलो. आता वाटतं, त्या बरोबर होत्या. कमी वाटलं तर वर्षानंतर आणखी लावता येतात, जास्त झालेले काढणं मात्र कटकटीचं.

आकडे आणि पैसे

साधारण अंदाज द्यायचा तर मिशीला ३०० ते ५००, एका कल्ल्याला २०० ते २५०, हनुवटी-मिशीच्या गोल दाढीला ६०० ते ७००, आणि एका गालाला ३०० ते ७०० ग्राफ्ट लागतात. पूर्ण दाढी नव्याने उभी करायची तर दोन हजारांच्या पुढे. ट्रान्स पुरुषांमध्ये दाढी मुळापासून उभी करायची असते, तेव्हा आकडा असा मोठा असतो.

पुण्यात मला तीन ठिकाणी ३५, ६० आणि ९० रुपये प्रति ग्राफ्ट असे दर मिळाले. मी साठवाल्याकडे केलं: सोळाशे ग्राफ्टचे ९६,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १७,२८०, म्हणजे १,१३,२८० रुपये. तपासण्या आणि औषधं वेगळी. दिसण्यासाठी केलेल्या केसरोपणाला आरोग्य विमा पैसे देत नाही. अपघात किंवा भाजल्यानंतर मूळ रूप परत आणण्यासाठीची शस्त्रक्रिया असेल तर मात्र जीएसटीचे आणि विम्याचे नियम वेगळे लागतात, ते आधी विचारून घ्या. ग्राफ्टचा हिशेब लेखी मागा: एक केसाचे किती, दोन केसांचे किती. दोन केसांचा ग्राफ्ट चिरून त्याचे दोन मोजणारेही या धंद्यात आहेत.

आधीचे दिवस

रक्ताच्या तपासण्या होतात: हिमोग्लोबिन, साखर, रक्त गोठण्याचा वेळ, कावीळ ब आणि क, एचआयव्ही. बहुतेक ठिकाणी ईसीजीही काढतात. दारू आठवडाभर आधीपासून बंद. सिगारेट, तंबाखू, गुटखा जितके दिवस आधी सुटेल तितकं बरं, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या मुळाला रक्तच मिळत नाही. अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते मनाने बंद करू नका, ज्या डॉक्टरने दिलंय त्यालाच विचारा. आणि दाढी चार-पाच दिवस वाढवून जा, म्हणजे केसांची दिशा डॉक्टरला दिसते. मी नेमकी आदल्या दिवशी गुळगुळीत करून जाणार होतो.

लग्न ठरलेल्यांसाठी खास: तारखेच्या दोन महिने आधी करून घ्यायला येणारे बरेच असतात, आणि नेमकं त्याच सुमारास लावलेले केस गळलेले असतात. गालावर लाली, हाताशी काही नाही, आणि वरून हळदीचा मान. वर्षभर आधी करा. नाहीतर आहे त्या दाढीवर बोहल्यावर चढा आणि नंतर बघा.

त्या दिवशी

सकाळी पोटभर नाश्ता करून जायचं. पुढून बटणं असलेला शर्ट घालायचा, काढताना चेहऱ्याला लागत नाही. मागचे केस बारीक करतात. मग पोटावर झोपवून डोक्याच्या मागे भुलेची इंजेक्शनं. सगळ्यात जास्त दुखतं ते इथेच, आणि नंतर ओठांच्या वर. दात काढताना देतात तेच लिग्नोकेन. पाच मिनिटांनी सगळं बधिर.

केस काढताना जेमतेम पाऊण-एक मिलीमीटर रुंद पोकळ पंच मुळाभोवती फिरवतात. दुखत नाही, पण आवाज येतो, भुईमुगाची शेंग फोडल्यासारखा, थेट कवटीच्या आत. सोळाशे वेळा. साधारण सहाशेनंतर मी झोपलो. मधल्या सुट्टीत त्यांनी मला काचेच्या बशीतले ग्राफ्ट दाखवले. गार सलाइनमध्ये, दहा-दहाच्या रांगा. तांदळाच्या कणीएवढा पांढुरका दाणा आणि त्यातून निघालेला काळा दोरा. माझ्याच डोक्यातलं, पण ओळख पटेना.

जेवण म्हणून डाळभात दिला, तो कसाबसा खाल्ला. मग उताणा. मॅडमनी चिरा पाडल्या, दीड तास, भिंग लावून, जवळजवळ न बोलता. त्यानंतर दोन मुलींनी दोन बाजूंनी केस बसवले. सकाळी नऊला गेलो, साडेपाचला बाहेर. रिक्षा नको, कोणीतरी गाडी घेऊन न्यायला हवं. बाइक तर नकोच, आणि हे पुण्यात मुद्दाम सांगावं लागतं, कारण पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट दोन्ही गालांवर घासतं. मी तीन आठवडे मेट्रोने गेलो.

पहिले दहा दिवस

दुसऱ्या दिवशी आरशात बघितलं तर गालावर नाचणीचं पीठ भुरभुरल्यासारखं दिसत होतं. या खपल्या. त्यांना नख लावायचं नाही, कितीही खाजलं तरी. पहिल्या काही दिवसांत ओढली गेलेली खपली मुळासकट केस घेऊन येते.

दोन-तीन रात्री उशा लावून, डोकं उंच करून, उताणं झोपायचं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते आणि आपली आपण उतरते. सलाइनचा स्प्रे, अँटिबायोटिक, वेदनाशामक जसं लिहून दिलंय तसं. चेहरा कधी आणि कसा धुवायचा हे क्लिनिकमध्येच करून दाखवायला सांगा. मला तिसऱ्या दिवशी दाखवलं: कपात बेबी शाम्पूचा फेस करून तो नुसता गालावर ठेवायचा आणि पाणी ओतायचं, बोट फिरवायचं नाही.

डोक्याच्या रोपणात नसलेली एक अडचण इथे असते: तोंड सारखं हलतं. पहिले चार दिवस मऊ भात, खिचडी, पेज, दही. भाकरी, चिकन, शेंगदाण्याचा लाडू नंतर. मोठ्याने हसणं, जांभई, तासन्‌तास फोन, सगळं आवरतं घ्यायचं. आईचा फोन रोज यायचा आणि मी "हं, हं" करायचो.

सातव्या ते दहाव्या दिवशी खपल्या भिजून आपोआप सुटतात. चेहऱ्याची लाली मात्र डोक्यापेक्षा जास्त टिकते. आपल्या सावळ्या रंगात ती तपकिरी दिसते आणि काही आठवडे राहते. उन्हापासून जपा. घाम येईल असा व्यायाम दोन आठवड्यांनी, पोहणं महिन्याने. ताप आला, पू दिसला, दुखणं किंवा सूज कमी होण्याऐवजी वाढत गेली, तर व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून वाट बघत बसू नका, उठून जा.

सगळं गेलं!

तिसऱ्या आठवड्यात सकाळी तोंड पुसताना टॉवेलवर केस दिसले. दीड महिन्यात लावलेले जवळपास सगळे गेले. हे होणार हे मला सांगितलं होतं, कागदावर सही होती, तरी पोटात गोळा आला. गळतो तो वरचा दोरा. मूळ आत असतं आणि विश्रांती घेत असतं. आईला सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "लावणीनंतर रोप पिवळं पडतंच. धरायला वेळ दे की."

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, वेडेवाकडे केस दिसू लागतात. त्याच सुमारास पुळ्याही येतात, कारण काही केस कातडीखाली अडकून वळतात. कोमट पाण्यात बुडवलेला कपडा ठेवा, फोडू नका, जास्त आल्या तर दाखवा. सहाव्या महिन्यात निम्मं-अधिक चित्र दिसतं, बारा महिन्यांनी पूर्ण. त्याआधी "कमी पडलं" म्हणून दुसऱ्या बैठकीचे पैसे भरू नका. महिन्याच्या ठराविक तारखेला, त्याच खिडकीशी, त्याच अंतरावरून फोटो काढून ठेवा. रोज आरशात बघून काही कळत नाही.

हजामत

पहिले दहा दिवस काहीही नाही. त्यानंतर डॉक्टर म्हणतील तेव्हा कात्री किंवा ट्रिमर, हलक्या हाताने. वस्तरा आणि ब्लेड महिन्याभराने, तेही विचारून. सलूनमध्ये गेलात तर आधीच सांगा, आणि ब्लेड तुमच्यासमोर नवीन लावून घ्या.

मी आठव्या महिन्यात नेहमीच्या सलूनमध्ये गेलो. मधल्या काळात घरीच ट्रिमर चालवत होतो, त्याला काही बोललो नव्हतो. त्याने मशीन कल्ल्यापासून खाली घेतलं, उजव्या गालावर आला, थांबला, मान तिरपी करून बघितलं, परत फिरवलं. मग डाव्या बाजूला गेला. बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी आरसा मागे धरत म्हणाला, "दादा, हे गालावरचे केस बाकीच्यांपेक्षा लवकर लांब होतायत. आता दर रविवारी यावं लागंल."